कॉर्कचा महापौर

इंग्लंडच्या पश्चिमेस एक अरुंद समुद्र ओलांडला, की आयर्लंड हा हिरव्यागार कुरणांचा लहानसा देश लागतो. या देशावर कित्येक शतके इंग्रजांचे राज्य होते. जमीन आयरिश शेतकऱ्याने कसावी आणि तिचा खंड मात्र दूर इंग्लंडात राहणाऱ्या जमीनदाराच्या पेटीत पडावा, अशी तेथील रीतच होऊन बसली होती. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गोरगरिबांचे सारे जीवन त्या एका पिकावर अवलंबून होते. पुढील सात वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व साथीच्या रोगांनी मरण पावली आणि तितकीच किंवा त्याहूनही अधिक माणसे घरदार सोडून परदेशी गेली. त्या दिवसांतही आयर्लंडच्या बंदरांतून धान्याने भरलेली जहाजे इंग्लंडकडे जातच होती. भूक म्हणजे काय, हे त्या लोकांना निराळे शिकवावे लागत नव्हते.

या दुष्काळाच्या आठवणी ज्या पिढीने आईबापांच्या तोंडून ऐकल्या, त्या पिढीत टेरेन्स मॅक्स्विनी जन्मला. २८ मार्च १८७९ हा त्याचा जन्मदिवस आणि आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क हे त्याचे गाव. वडिलांनी कॉर्क शहरात तंबाखूचा कारखाना काढला होता. पण तो बुडाला. नशीब काढण्यासाठी १८८५ साली ते ऑस्ट्रेलियास गेले. तेथेच त्यांचा अंत झाला. सहा वर्षांचा टेरेन्स आणि त्याची भावंडे आईच्या पदराखाली वाढली. ही माता जन्माने इंग्रज होती. परंतु आयर्लंडच्या स्वातंत्र्याविषयी तिची निष्ठा कोणाही आयरिश स्त्रीपेक्षा तसूभर कमी नव्हती. मोठी बहीण मेरी पुढे शिक्षिका झाली.

घरची ओढाताण पाहून टेरेन्सने पंधराव्या वर्षी शाळा सोडली व एका व्यापारी पेढीत हिशेबनिसाची नोकरी धरली. नोकरी लागली म्हणून त्याने पुस्तके मिटली नाहीत. दिवसभर पेढीवर आकडे मांडावेत आणि उरलेल्या वेळात तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचावेत, असा क्रम त्याने वर्षानुवर्षे चालविला. अखेर १९०७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने पदवी मिळविली. आपली मातृभाषा इंग्रजीपुढे मागे पडत चालली आहे, याचे त्याला दुःख होते. म्हणून आयरिश भाषा तो कष्टाने शिकला. डॅनियल कॉर्करी या लेखकमित्राच्या साहाय्याने १९०८ साली त्याने कॉर्कमध्ये नाट्यमंडळी स्थापन केली व तिच्यासाठी नाटके लिहिली. काव्य, नाटक आणि निबंध यांत रमणारा हा कृश, मितभाषी तरुण. हा पुढे सैनिकांचा नायक होईल, असे त्या वेळी फार थोड्यांना वाटले असेल.

परंतु काळच तसा होता. १९१३ साली स्वातंत्र्यासाठी आयरिश स्वयंसेवक दल उभे राहिले, तेव्हा कॉर्कमधील दलाच्या संस्थापकांत मॅक्स्विनी होता. १९१४ साली त्याने एक साप्ताहिक काढले. सरकारने अकरा अंकांनंतर ते बंद पाडले. १९१६ च्या ईस्टर सणात डब्लिन येथे सशस्त्र उठाव झाला. कॉर्कचे स्वयंसेवकही सिद्ध होते. पण ऐन वेळी वरिष्ठांकडून उलटसुलट आज्ञा आल्या आणि कॉर्क शांत राहिले. डब्लिनच्या पुढाऱ्यांना इंग्रजांनी गोळ्या घातल्या. आपले सोबती मरत असता आपण हातावर हात ठेवून बसलो, ही बोच मॅक्स्विनीच्या अंतःकरणात कायमची राहिली, असे त्याचे चरित्र पाहता वाटते. उठावात भाग न घेताही तुरुंग चुकला नाहीच. त्या वर्षी आणि पुढील वर्षी मिळून त्याला इंग्लंडमधील अनेक ठिकाणी बंदिवासात किंवा स्थानबद्धतेत राहावे लागले. ब्रोमयार्ड या इंग्रज गावी स्थानबद्ध असतानाच, जून १९१७ मध्ये, म्युरिएल मर्फी या कॉर्कच्या एका धनिक घराण्यातील कन्येशी त्याचा विवाह झाला. पुढील वर्षी त्यांना मुलगी झाली. तिचे नाव मॉइरा. ती जन्मली तेव्हाही तिचा पिता तुरुंगातच होता!

१९१८ च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जागा शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने जिंकल्या. मॅक्स्विनी मध्य कॉर्कमधून बिनविरोध निवडून आला. या प्रतिनिधींनी लंडनच्या पार्लमेंटात पाऊल ठेवले नाही. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी डब्लिन येथे स्वतःची लोकसभा भरविली आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक घोषित केले. त्याच सुमारास युद्धाला तोंड लागले. एका बाजूस साम्राज्याची फौज व पोलीस, दुसऱ्या बाजूस रात्री बाहेर पडणारे स्वयंसेवक. रक्तपात दोन्ही बाजूंनी झाला.

कॉर्कचा महापौर त्या वेळी टॉमस मॅक्कर्टन हा होता. तोच तेथील स्वयंसेवकांचा सेनापती. २० मार्च १९२० च्या पहाटेपूर्वी, तोंडाला काळे फासलेली काही माणसे त्याच्या घरात शिरली आणि त्यांनी त्याला गोळ्या घालून ठार केले. तो त्याचा छत्तिसावा वाढदिवस होता. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी या हत्येचा ठपका पोलिसांवर, इतकेच नव्हे तर इंग्लंडचा पंतप्रधान लॉइड जॉर्ज याच्यावरही ठेवला.

आता त्या आसनावर कोण बसणार? मॅक्कर्टन हा मॅक्स्विनीचा जिवलग मित्र होता आणि दलातील त्याचा दुय्यम अधिकारी मॅक्स्विनीच होता. मार्च संपण्यापूर्वी नगरसभेने त्याची महापौरपदी निवड केली आणि त्याने ती स्वीकारली. या पदाबरोबर काय येते, ते त्याला पुरते ठाऊक होते. आपल्या पहिल्या भाषणात त्याने सांगितले, की ही झुंज सूड घेण्याची नसून सहनशक्तीची आहे. जो अधिक यातना देऊ शकेल तो नव्हे, तर जो अधिक यातना सोसू शकेल तोच अखेरीस जिंकेल. भाषणे पुष्कळ होतात आणि लोक ती विसरतात. या भाषणाचे तसे होणार नव्हते.

१२ ऑगस्ट १९२० रोजी सायंकाळी सैनिकांनी कॉर्कच्या नगरभवनास वेढा घातला. महापौर आणि त्याच्याबरोबरचे काही जण पकडले गेले. इतरांना काही दिवसांत सोडून देण्यात आले. मॅक्स्विनीला मात्र लष्करी न्यायालयापुढे उभे केले. पोलिसांच्या सांकेतिक लिपीची किल्ली आणि राजद्रोही समजले जाणारे कागद जवळ बाळगले, असा आरोप होता. त्या कागदांत महापौरपदाच्या प्रसंगी केलेले त्याचे भाषणही होते. आरोपीने बचाव केला नाही. या नगराचा मुख्य दंडाधिकारी मी आहे. माझ्यावर खटला चालविणारे हे न्यायालयच बेकायदा आहे, असे त्याने शांतपणे सांगितले. दोन वर्षांची शिक्षा ऐकल्यावर तो म्हणाला, की शिक्षेची मुदत मीच ठरविली आहे. जिवंत किंवा मृत, महिन्याभरात मी मुक्त होईन. अटक झाल्या क्षणापासून त्याने अन्न वर्ज्य केले होते.

अन्यायी माणसाच्या दारात उपाशी बसून न्याय मागण्याची चाल आयर्लंडच्या प्राचीन धर्मशास्त्रात सांगितलेली आहे. आपल्याकडेही ऋणकोच्या दारी धरणे धरून अन्नपाण्यावाचून बसण्याची जुनी वहिवाट होतीच. दोन देशांत हजारो कोसांचे अंतर. तरी दोघांचीही समजूत एकच, की उपाशी माणसाचा शाप घराला बाधतो. पण हा दरवाजा साध्या सावकाराचा नव्हता.

मॅक्स्विनीला युद्धनौकेतून इंग्लंडला नेऊन १८ ऑगस्ट रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ठेवण्यात आले. सरकार मोठ्या पेचात सापडले. याच वर्षी एप्रिल महिन्यात डब्लिनच्या तुरुंगातील अनेक कैद्यांनी उपोषण केले, तेव्हा सरकारने माघार घेऊन त्यांना सोडले होते. पुन्हा तेच केले तर यापुढे कोणत्याही कैद्यास आत ठेवणे अशक्य होईल आणि आयर्लंडमधील पोलिसांचे धैर्य खचेल, असे मंत्रिमंडळास वाटले. खुद्द राजा पंचम जॉर्ज याचा कल सुटकेकडे होता. परंतु लॉइड जॉर्जने आपला निश्चय बदलला नाही. दोन्ही बाजूंनी शब्द देऊन झाला होता आणि मध्ये एका माणसाचे प्राण होते.

दिवसांमागून दिवस गेले. महिना उलटला. दुसराही संपत आला. तो केवळ पाणी घेत असे. बिछान्याजवळ अन्न ठेवलेले असे. त्याने हात लावला नाही. शरीराचे मांस झडले, दृष्टी मंदावली, अंगावरचे पांघरूणही टोचू लागले. पत्नी, बहिणी आणि भाऊ आळीपाळीने जवळ बसत. धर्मगुरू फादर डॉमिनिक त्याच्यासाठी प्रार्थना करीत. हे कृत्य धर्माला संमत आहे की नाही, यावर त्या काळी मोठमोठे धर्मपंडित वाद घालीत होते. आपण मरणाची इच्छा करीत नाही, आपल्या देशाचा हक्क मागत आहोत, असे मॅक्स्विनीचे म्हणणे होते. म्युरिएलने त्याला उपोषण सोडण्याची गळ घातली नाही. घरी दोन वर्षांची मॉइरा होती. तिचा विचार त्या दोघांच्याही मनात किती वेळा आला असेल, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक!

तुरुंगाच्या भिंतीबाहेर सारे जग या एका खोलीकडे डोळे लावून बसले होते. वृत्तपत्रे रोज त्याच्या प्रकृतीची वार्ता छापीत. न्यूयॉर्कच्या बंदरातील गोदी कामगारांनी इंग्रजी जहाजांवरील काम टाकले. त्यांत आयरिश होते, तसे नीग्रो कामगारही होते. एवढेच काय, इंग्रज जहाजांवरील काही कोळसा घालणारे खलाशीही खाली उतरले. दक्षिण अमेरिकेतील देशांनी पोपला मध्यस्थीची विनंती केली. कॉर्कच्या तुरुंगात त्याचे अकरा देशबांधव उपोषण करीत होते. त्यांची नावे जगाला फारशी कळली नाहीत. पण त्यांचे हाल तेच होते. त्यांपैकी मायकेल फिट्झजेराल्ड १७ ऑक्टोबर रोजी मरण पावला.

ऑक्टोबरच्या विसाव्या दिवशी मॅक्स्विनीची शुद्ध हरपली. त्या अवस्थेत डॉक्टरांनी त्याच्या मुखात बळेच अन्न घालण्याचा यत्न केला. बहिणींना तुरुंगाच्या दारातून परत पाठविण्यात आले. २५ ऑक्टोबर १९२० च्या सकाळी त्याची प्राणज्योत मालवली. उपोषणाचा तो ७४ वा दिवस होता. वय अवघे एकेचाळीस. त्याच दिवशी रात्री कॉर्कच्या तुरुंगात जोसेफ मर्फी हा तरुणही ७६ दिवसांच्या उपोषणानंतर मरण पावला. नोव्हेंबरात राष्ट्रीय नेता आर्थर ग्रिफिथ याने उरलेल्या नऊ जणांना उपोषण सोडण्यास सांगितले आणि ते वाचले. मरणाऱ्यांची निष्ठा मोठी, तशी वेळीच थांबा म्हणणाऱ्याची बुद्धीही थोर मानली पाहिजे.

लंडनमधील सेंट जॉर्जच्या मंदिरात मॅक्स्विनीचा देह ठेवला गेला. सुमारे ३०,००० माणसांनी रांगेने येऊन त्याचे दर्शन घेतले. त्यांत इंग्रजही होते. मिरवणुकीने शव डब्लिनला न्यावे, असा आप्तांचा बेत होता. सरकारला त्या मिरवणुकीचे भय वाटले. होलिहेड बंदरात सैनिकांनी शवपेटी आप्तांच्या हातून काढून घेतली आणि ती जहाजाने परस्पर कॉर्ककडे रवाना केली. आप्तेष्ट डब्लिनला गेले आणि तेथे शवावाचूनच प्रार्थना झाली. ३० ऑक्टोबर रोजी महापौराचा देह त्याच्याच नगरभवनात ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी सेंट फिनबार स्मशानभूमीत त्याचे दफन झाले. पुढे दीड महिनाही लोटला नाही, तोच ११ डिसेंबरच्या रात्री सरकारी सैनिकांनी कॉर्क शहराला आगी लावल्या. त्या आगीत ते नगरभवनही भस्मसात झाले.

जुलै १९२१ मध्ये शस्त्रसंधी झाली आणि डिसेंबरात तह. आयर्लंडचा मोठा भाग मोकळा झाला. पण संपूर्ण स्वातंत्र्य मिळाले नाही आणि उत्तरेकडचा मुलूख इंग्लंडकडेच राहिला. या तहावरून देशात दुफळी माजली. ज्या आर्थर ग्रिफिथने मॅक्स्विनीच्या दफनप्रसंगी भाषण केले होते, त्यानेच हा तह घडवून आणला, आणि मॅक्स्विनीच्या बहिणीने, मेरीने, त्याला कडाडून विरोध केला. १९२२ साली भावाभावांत यादवी पेटली. टेरेन्स जिवंत असता, तर तो कोणत्या बाजूस उभा राहिला असता? दोन्ही बाजूंचे लोक त्याला आपलाच म्हणत. मृत माणसाचा कौल मात्र कोणालाच घेता येत नाही.

हिंदुस्थानात त्याचे नाव घरोघर पोचले. येथील तरुण त्याची हकीकत वाचीत असत. तो महात्मा गांधींच्या मार्गाचा पांथस्थ नव्हता. हाती शस्त्र धरणाऱ्या दलाचा तो अधिकारी होता, हे विसरता कामा नये. तरीही त्याच्या अखेरच्या ७४ दिवसांनी दोन्ही मार्गांच्या लोकांना सारखेच हलविले. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात राजबंद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी, म्हणून भगतसिंग, बटुकेश्वर दत्त आणि त्यांच्या सोबत्यांनी उपोषण केले. त्यांतील जतींद्रनाथ दास हा बंगाली युवक ६३ दिवस उपाशी राहून १३ सप्टेंबर रोजी निवर्तला. लाहोरहून कलकत्त्यापर्यंत, ज्या ज्या स्थानकावर त्याचे शव नेणारी गाडी थांबली, तेथे तेथे लोकांची दाटी झाली. लोक त्याला हिंदुस्थानचा मॅक्स्विनी म्हणू लागले. त्या शोकाच्या दिवसांत समुद्रापलीकडून एक तार आली. जतींद्रच्या मृत्यूने आम्हांला दुःख झाले आहे आणि अभिमानही वाटतो. स्वातंत्र्य येणारच, अशा आशयाची ती तार टेरेन्स मॅक्स्विनीच्या कुटुंबाने पाठविली होती.