सत्तेला सललेले सूर

१९७३ च्या सप्टेंबरात चिलीची राजधानी सांतियागो येथील शवागारात प्रेतांच्या राशी पडल्या होत्या. नागरी नोंदणी खात्याच्या एका तरुण कर्मचाऱ्याने त्यांतील एक चेहरा ओळखला. ओळखूनही गप्प बसणे हेच त्या दिवसांतले व्यवहारी शहाणपण होते. परंतु हा कर्मचारी मृताच्या घरी गेला, त्याच्या पत्नीला त्याने ती बातमी दिली आणि १८ सप्टेंबर रोजी तिला बरोबर घेऊन तो शवागारात आला. गोळ्यांनी चाळण झालेला तो देह व्हिक्टर हारा या गायकाचा होता. जवळजवळ चोरून, दोन-तीन माणसांच्या उपस्थितीत, त्याचे दफन उरकावे लागले.

रणगाडे आणि विमाने हाती असलेल्या लष्कराला एका गिटारवाल्याची एवढी धास्ती का वाटावी? या प्रश्नाचे उत्तर हाराच्या जीवनक्रमात आहे.

त्याचा जन्म १९३२ चा. बाप जमीनदाराच्या मळ्यावर राबणारा, दारूच्या आहारी गेलेला शेतमजूर. आई अमांदा गावोगावच्या लग्नांत आणि मर्तिकांत लोकगीते गाई. गिटारचे पहिले सूर मुलाने घरीच ऐकले. पुढे आईने मुलांसह सांतियागो गाठले व मंडईत अन्न शिजवून विकण्याचा व्यवसाय पत्करला. ती अकाली गेली. पोरक्या झालेल्या व्हिक्टरने धर्मगुरू होण्यासाठी शिक्षण घेण्यास प्रारंभ केला, तेथे मन रमले नाही म्हणून ते सोडले, सक्तीची लष्करी सेवा पुरी केली आणि अखेर चिली विद्यापीठाच्या नाट्यशाळेत तो दाखल झाला. नाट्यदिग्दर्शक म्हणून त्याने लौकिक मिळविला. गायक म्हणून त्याची कीर्ती नंतरची.

त्याला गाण्याकडे वळविणाऱ्यांत व्हियोलेता पारा या विलक्षण स्त्रीचा वाटा मोठा होता. खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून लोकगीते गोळा करणाऱ्या पाराने एक संपूर्ण पिढी घडविली. चिलीचे ‘नवे गीत’ म्हणून पुढे ओळखली गेलेली चळवळ यातूनच उभी राहिली. हारा साम्यवादी पक्षाचा सभासद होता आणि ते त्याने कधी लपविले नाही. परंतु त्याच्या गीतांचे सामर्थ्य घोषणांत नव्हते. कारखान्यातील कामगारावर प्रेम करणारी तरुणी, नांगरधारी शेतकरी, झोपडपट्टीतील कुटुंबे अशी हाडामांसाची माणसे त्यांत होती. आपल्या एका अतिशय गाजलेल्या प्रेमगीतातील नायक-नायिकेस त्याने आपल्या आईबापांचीच नावे दिली.

१९६९ च्या मार्चमध्ये प्वेर्तो मोंत या दक्षिणेकडील शहरात, पडीक जमिनीवर निवारा उभारलेल्या निराधार कुटुंबांवर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांत तान्हे मूलही होते. हाराने या हत्याकांडावर गीत रचले आणि त्यात गृहमंत्र्याचे नाव घेऊन जाब विचारला. त्यानंतर एका श्रीमंती शाळेतील कार्यक्रमात त्याच्यावर दगड भिरकावण्यात आले. अन्यायाविषयी मोघम हळहळ व्यक्त करणारा कवी सत्तेला सहसा खुपत नाही. गाव, घटना आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद करणारा मात्र खुपतो. त्याच वर्षी सांतियागोच्या ‘चिली स्टेडियम’ या बंदिस्त क्रीडागृहातील गीतमहोत्सवात हाराला पहिल्या पारितोषिकाचा मान मिळाला. त्या वास्तूशी त्याचे नाव पुढे कसे जोडले जाणार होते, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार?

१९७० मध्ये साल्वादोर अलेंदे निवडणुकीने अध्यक्षपदी आले. हाराने त्यांचा प्रचार केला होता. १९७१ मध्ये तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. निर्यातीच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग तांब्यातून मिळविणाऱ्या देशात हा निर्णय इतका सर्वमान्य होता, की संसदेने तो एकमताने संमत केला. त्यानंतर परदेशी कर्जे आखडली. विरोधी पक्षांना व वृत्तपत्रांना अमेरिकी गुप्तहेर खात्याचा पैसा मिळत असल्याचे १९७५ च्या अमेरिकी सिनेट समितीच्या चौकशीत उघड झाले. सरकारच्या हातूनही चुका घडल्याच. चलनाचा बेसुमार पुरवठा आणि किमतींवरील कडक नियंत्रणे यांतून टंचाई व भीषण भाववाढ उद्भवली. परंतु धोरणे चुकली तर त्यांचा निवाडा मतपेटीने करावयाचा असतो, आणि १९७३ च्या मार्चमधील संसदीय निवडणुकीत एवढ्या हलाखीतही अलेंदे यांच्या आघाडीला सुमारे ४४ टक्के मते पडली होती. तो निवाडा लष्कराने मानला नाही.

११ सप्टेंबर रोजी उठाव झाला. हारा राज्य तंत्र विद्यापीठात नोकरीस होता. त्या दिवशी तेथे अलेंदे यांचे भाषण व्हावयाचे होते आणि हारा गाणार होता. उठावाची बातमी कळूनही तो कामावर गेला आणि विद्यार्थी-शिक्षकांसमवेत रात्रभर वेढ्यात राहिला. दुसऱ्या दिवशी सर्वांना पकडून चिली स्टेडियममध्ये कोंबण्यात आले. तेथे एका अधिकाऱ्याने हाराला ओळखले. त्याला अमानुष मारहाण झाली, त्याचे हात ठेचण्यात आले. त्या अवस्थेतही त्याने कागदाच्या कपट्यावर एक कविता लिहिली. सोबतच्या कैद्यांनी ती बाहेर पोहोचविली. १६ सप्टेंबरच्या सुमारास त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा त्याची चाळिशीही पूर्ण उलटून वर्ष झाले नव्हते.

मारूनही राजवटीची भीती सरली नाही. त्याच्या ध्वनिमुद्रिकांवर बंदी आली. संबंधित कंपनीच्या मूळ ध्वनिफिती नष्ट करण्यात आल्या. दौऱ्यानिमित्त युरोपात असलेली ‘इंती-इयिमानी’ आणि ‘किलापायून’ ही वाद्यवृंदपथके कित्येक वर्षे मायदेशी परतू शकली नाहीत. पत्नी जोन ही मूळची इंग्लंडची नर्तकी. दोन मुलींसह देश सोडताना तिने पतीच्या गीतांच्या फिती बाहेर नेल्या, म्हणून ती गीते जगाला ऐकता आली.

न्याय मात्र रखडला. १९७३ ते १९७८ या काळातील गुन्ह्यांना लष्करशाहीने १९७८ मध्ये स्वतःच माफी देऊन ठेवली होती. १९९० मध्ये लोकशाही परतली, तरी २००९ पर्यंत मृतदेहाची फेरतपासणीसुद्धा झाली नाही. त्या डिसेंबरात हजारो लोकांनी हाराची अंत्ययात्रा काढली. सात निवृत्त अधिकाऱ्यांच्या शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्या त्या २०२३ च्या ऑगस्टमध्ये, हत्येला पन्नास वर्षे होत असताना. त्यांपैकी एकाने तुरुंगात जाण्याआधीच आत्महत्या केली. जोन त्याच नोव्हेंबरात वयाच्या ९६ व्या वर्षी निवर्तली.

त्या क्रीडागृहास आज व्हिक्टर हाराचे नाव आहे. कला अमर असते, असे सांगून या कथेचा शेवट गोड करण्याचा मोह होतो. परंतु गीते आपोआप टिकत नाहीत आणि न्यायही आपोआप मिळत नाही. कोणी कपटा लपवून बाहेर नेला, कोणी फिती जपल्या, एका विधवेने अर्धशतक न्यायालयांचे उंबरठे झिजविले. आणि त्या सर्वांआधी एका साध्या कारकुनाने, नोंदवहीत एक बेवारस प्रेत वाढविणे सोपे असताना, मृताला त्याचे नाव परत दिले.