ओझं खाली ठेवताना...

सप्टेंबर महिना आला, की वांद्र्याच्या माउंट मेरीच्या डोंगरावर जत्रा भरते. खारदांड्यापासून पार वसईपर्यंतच्या बायका मोत माउलीला नवस बोलायला नि फेडायला जातात. त्यात ख्रिस्ती असतात तशा हिंदूही असतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय वाहायचा, घर हवं असेल तर मेणाचं घर!

पण मैत्रिणींनो, काही दुखणी मेणात घडवता येत नाहीत. मुलांवर हात उगारायचा नाही असं सकाळी ठरवायचं आणि संध्याकाळी तोच हात उगारायचा. जावेचं बरं झालं की मनातून जळायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. देवापुढे माफी मागायची, चार दिवसांनी पुन्हा तेच! ख्रिस्ती धर्मात याला स्पष्टपणे पाप म्हणतात. ते धुऊन कसं निघणार, या प्रश्नाने एका मोठ्या विदुषीलाही अनेक वर्षं सोडलं नव्हतं. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई आईकडून शिकल्या. सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थं हिंडायचं. उपास, स्नानं, दानधर्म करून पुण्य जोडायचं, हेच त्यांचं बालपण. दुष्काळात आई-वडील गेले. पुढे भाऊ-बहीण हिंडत हिंडत हिमालयातल्या एका तळ्यावर पोचले. त्यात तरंगणारे सात डोंगर होते. निष्पाप माणूस आला की ते आपोआप जवळ येतात, अशी समजूत होती. भाऊ पहाटे गुपचूप पाण्यात उतरला आणि पाहतो तर काय, तराफ्यांवर माती-दगड रचून झाडं लावलेली! मागून माणसं ते ढकलत होती. पाप आहे की नाही, याचा निकाल दक्षिणेवर ठरत होता!

1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं. 1882 मध्ये पटकीने पतीही गेले. पदरात लहानगी मनोरमा. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या.

तिथे वाँटेजच्या सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी तिथे घर होतं. अशा बाईला क्षमा नाही, असंच रमाबाईंनी आजवर ऐकलेलं. इथे मात्र त्याच बायका सुधारून आजाऱ्यांची सेवा करत होत्या! हे कशामुळे, असं त्यांनी विचारलं. तेव्हा सिस्टरनी त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. येशूने तिला झिडकारलं नव्हतं. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

इथे आपल्याला वाटेल, झालं, प्रश्न सुटला! पण नाही. पुढे आठेक वर्षं पापाचं ओझं मनावर होतंच. धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. 1891 च्या सुमाराला त्यांना उमगलं, की आपल्या पुण्याईने, विद्येने किंवा निश्चयाने हे ओझं उतरणार नाही. आहोत तसं, रिकाम्या हाताने देवाच्या स्वाधीन व्हायचं. त्या झाल्या आणि मन निवलं.

याची किंमतही त्यांना मोजावी लागली. 1889 मध्ये मुंबईत चौपाटीवर सुरू झालेलं शारदा सदन पुढे पुण्याला हलवलं होतं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून 1893 मध्ये गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्यांनीही सल्लागार मंडळ सोडलं. रमाबाई डगमगल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या. दौंडजवळच्या केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. तिथेच वाट चुकलेल्या बायकांसाठी त्यांनी कृपासदन काढलं. फुलहॅमला पाहिलेलं त्या विसरल्या नव्हत्या!

1905 च्या जूनअखेरीस मुक्तीत प्रार्थनेची लाट आली. शेकडो मुली रडत आपली पापं कबूल करू लागल्या. चोरी, खोटेपणा, मनातला राग सगळं बाहेर आलं. नुसतं रडून त्या थांबल्या नाहीत. जिचं वाईट केलं तिची जाऊन माफी मागू लागल्या. स्वाधीन होणं म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, ते हे!

1921 मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंनी बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर चालूच ठेवलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी डोळे मिटले.

देव कुणी कोणत्याही नावाने आळवो. आपणही किती वेळा स्वतःशीच शपथा घेतो, मोडतो आणि मग आपण वाईटच, असं म्हणून बसतो. एवढ्या विदुषी रमाबाईंनाही स्वतःच्या बळावर ते जमलं नव्हतं. तेव्हा चुकलेल्या सुनेला, लेकीला किंवा स्वतःलाही कायमचं टाकून देऊ नका. ओझं देवापाशी ठेवा, आणि उठून आधी जिला दुखावलंय तिच्याकडे जा.