डॉ. सलीम अली संशोधक झाले ते नोकरी गेल्यावर

आपण सगळे त्यांना डॉ. सलीम अली म्हणतो. पण हे ‘डॉ.’ मानद आहे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ साली त्यांना ते दिलं, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. कॉलेजची साधी पदवीसुद्धा त्यांच्याकडे नव्हती. निकालानंतर मुलाला घेऊन शाळेत भेटायला येणाऱ्या अम्मी-अब्बांना मी हे सांगते, तेव्हा निम्म्यांना ते खरं वाटत नाही.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीतल्या मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवलं. घरात शिकारीचा शौक होता. सलीमच्या हातातही छर्ऱ्यांची छोटी बंदूक आली. चिमण्या टिपायच्या, हलाल करून खायच्या, असा उद्योग चालायचा. एक दिवस पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. ही खाणं जायज आहे का, असा पेच त्या दहा-बारा वर्षांच्या पोराला पडला आणि तो चिमणी घेऊन मामूंकडे गेला. मामूंनाही ती ओळखता आली नाही.

इथे मामूंचं कौतुक करावंसं वाटतं. पोराला गप्प बसवायचं सोडून त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि त्यालाच पाठवलं. मिलार्ड साहेबांनी पक्ष्याचं नाव सांगितलं. ती पीतकंठी चिमणी होती. मग कपाटांचे खण उघडून भुसा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकंही दिली.

शाळेत मात्र फारशी चमक नव्हती. डोकेदुखी पाठ सोडेना, शाळा बुडायची, हवापालटासाठी सिंधला नातेवाईकांकडे पाठवावं लागलं. १९१३ साली कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेज अर्धवट सोडून ब्रह्मदेशात घरच्या खाणीचं आणि लाकडाचं काम बघायला गेले. तिथल्या जंगलात धंद्यापेक्षा पक्षीच जास्त बघितले, असं म्हणायला हरकत नाही. १९१७ साली परत आल्यावर दावर्स कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकू लागले. सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी ओळखलं की या पोराचं मन दुसरीकडेच आहे. त्यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्राचा अभ्यासही सुरू झाला. पुढच्याच वर्षी तहमीना बेगम यांच्याशी निकाह झाला.

सरकारी प्राणी सर्वेक्षण खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली, पण पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगण्याची नोकरी लागली. पगार बरा होता. तरी दोन-तीन वर्षांत त्यांना वाटू लागलं की आपल्याला येतं ते फार वरवरचं आहे. म्हणून रजा काढून ते बर्लिनला गेले. तिथे प्राध्यापक स्ट्रेसेमान यांनी त्यांना हाताखाली घेतलं. नमुने कसे तपासायचे, पक्ष्याच्या पायात कडी घालून त्याचा प्रवास कसा शोधायचा, हे रीतसर इल्म त्यांना तिथे मिळालं.

१९३० साली परत आले तर पैसे नाहीत म्हणून म्युझियमने ती जागाच रद्द केली होती. वय चौतिशीकडे झुकलेलं, घरसंसार, आणि हातात काही नाही. नवराबायको अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले.

आणि तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात सलीम अली तासन् तास त्या घरट्यांसमोर बसू लागले. कोण काय करतं, कधी करतं, सगळं वहीत टिपायचं. (आपण मराठीत ‘सुगरण’ म्हणतो खरं, पण घरटं विणतो तो नर!) त्यांना दिसलं ते असं: नर घरटं अर्धवट विणून थांबतो. मादी येते, आत-बाहेर तपासते. पसंत पडलं तर ती तिथे राहते आणि मगच नर ते पूर्ण करतो. ती अंडी उबवायला बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका हंगामात एकापाठोपाठ एक असे संसार. सुगरणीचं घरटं सगळ्यांनी पाहिलं होतं, पण हा क्रम इतका नीट कोणी मांडला नव्हता. १९३१ साली सोसायटीच्या जर्नलमध्ये हा लेख छापून आला.

मग त्यांनी सोसायटीपुढे प्रस्ताव ठेवला. पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, मी संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी करतो. पहिली मोहीम निजामाच्या हैदराबादेत निघाली. तहमीना बेगमही त्यांच्याबरोबर तंबूत राहायला निघाल्या.