डॉक्टर न झालेले ब्रॅडफर्ड हिल

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल (१८९७–१९९१) यांना डॉक्टर व्हायचे होते. पण पहिल्या महायुद्धात क्षयाने गाठले. आजारातून सावरताना त्यांनी टपालाने अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे ते संख्याशास्त्राकडे वळले.

टपालच पुन्हा कामी आले. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल यांच्यासह त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्राने धूम्रपानाच्या सवयी विचारल्या. सुमारे ४० हजारांनी उत्तरे दिली. फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांत सिगारेट ओढणारेच जास्त निघाले.

पण एवढ्यावरून सिगारेटला दोषी म्हणायचे का? १९६५ मध्ये हिल यांनी आरोग्य क्षेत्राच्या हाती नऊ मुद्दे दिले: संबंध किती ठळक, कारण आधी घडले का, मात्रेबरोबर धोका वाढतो का, वगैरे. हे कडक नियम नव्हेत, असे त्यांनी बजावले. आणि पुरावा अपुरा म्हणून हातावर हात ठेवून बसू नका, असेही.