बालकांच्या कैवारी : मारिया मॉन्टेसरी

इटलीत १८७० साली जन्मलेल्या मारिया मॉन्टेसरी १८९६ मध्ये डॉक्टर झाल्या. रोममधील वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेल्या मंदबुद्धी मुलांचा अभ्यास करताना, त्यांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, हे त्यांनी ओळखले. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले 'बालगृह' उघडले. तेथे शिक्षिका हुकूम सोडत नसे. बालकाचे निरीक्षण करी. पुढे बार्सिलोनात धर्मशिक्षणासाठीही त्यांनी हीच पद्धत वापरली. १९३९ ते १९४६ त्यांचे वास्तव्य भारतात होते. १९५२ साली त्या निवर्तल्या. ताराबाई मोडकांनी त्यांचा विचार डहाणूजवळील कोसबाडच्या आदिवासी बालकांपर्यंत नेला. आपल्या धर्मग्रामांत आम्ही मुलांकडून प्रार्थना पाठ करून घेतो. मुलांकडे मात्र किती पाहतो?