जंगलात रस्ता नको म्हणणारा फॉरेस्ट ऑफिसर

आल्डो लिओपोल्ड. जन्म १८८७, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. येल विद्यापीठात वनशास्त्र शिकले आणि १९०९ मध्ये सरकारी वनखात्यात लागले. पुढं देशात मोटारी वाढल्या आणि जंगलाजंगलात रस्ते घुसायला लागले.

आता लिओपोल्ड स्वतः पक्के शिकारी. त्यामुळं जंगलात माणसं नकोत, असं काही ते म्हणत नव्हते. गाडीवाल्यांना बाकीचं जंगल आहेच, पण एखादा पट्टा असा ठेवा की घोड्यावर सामान टाकून दोन आठवडे फिरलं तरी रस्ता आडवा येणार नाही, हे त्यांनी १९२१ मध्ये मांडलं. १९२४ मध्ये खात्यानं न्यू मेक्सिकोतल्या गिला जंगलाचा सुमारे साडेसात लाख एकरांचा भाग तसा राखला.

पण हा खात्याचा नियम होता, कायदा नव्हे. पुढं खात्यानंच त्यातून रस्ता काढला आणि जंगलाचे दोन तुकडे झाले.

१९४८ मध्ये शेजाऱ्याच्या शेतातली आग विझवताना हृदयविकाराच्या झटक्यानं लिओपोल्ड गेले. अशा राखीव भागांत गाड्या आणि रस्त्यांना बंदी घालणारा कायदा १९६४ मध्ये आला. १९८० मध्ये रस्त्यापलीकडं तुटलेला भागही राखीव झाला. त्याला नाव दिलं आल्डो लिओपोल्ड वाइल्डरनेस.

रस्ता मात्र अजून तिथंच आहे.