विश्लेषण : ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणाऱ्या पुराचे गणित मांडणारे एमिल गुम्बेल कोण होते?

पूररेषेचा वाद निघाला की ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द हमखास कानी पडतात. या पुराचा अंदाज बांधण्याची एक रूढ पद्धत एमिल गुम्बेल यांच्या नावाने ओळखली जाते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ती शिकतात. गुम्बेल यांचे आयुष्य मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

आधी मोजल्या हत्या

१८९१ मध्ये म्युनिक येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले गुम्बेल संख्याशास्त्रज्ञ आणि कट्टर युद्धविरोधक होते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत राजकीय हत्यांचे सत्र सुरू झाले, तेव्हा त्यांनी एकेका हत्येची नोंद ठेवली. उजव्या गटांनी केलेल्या ३५४ आणि डाव्यांनी केलेल्या २२ हत्या त्यांनी १९२२ मध्ये पुस्तकातून मांडल्या. उजवे मारेकरी बहुतांशी मोकळे सुटत असल्याचेही दाखवून दिले. याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९३२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातील अध्यापनाचा अधिकार गेला, तर १९३३ मध्ये नाझींनी नागरिकत्व काढून घेतले. आधी फ्रान्स आणि १९४० मध्ये अमेरिका असा आसरा त्यांना शोधावा लागला.

पुराचे गणित काय?

१९४१ मध्ये गुम्बेल यांनी पुरांच्या पुनरावृत्तीवर महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला. दरवर्षीचा सर्वांत मोठा पूर घ्यायचा आणि अशा अनेक वर्षांच्या नोंदींवरून त्याहून मोठ्या पुराची शक्यता काढायची, हे त्याचे सूत्र. १९५८ मध्ये या विषयावरचा त्यांचा ग्रंथ आला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

गैरसमज कुठे होतो?

शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर शंभर वर्षांनी येणारा पूर नव्हे. तो कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही. नदीकाठच्या घरात ३० वर्षे राहणाऱ्याला तो गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते.

शिवाय हा एक टक्काही अंदाजच असतो. नोंदी जेमतेम ३०-४० वर्षांच्या असतील, तर एका मोठ्या पुराने सारे गणित बदलू शकते. पाऊसमान किंवा नदीपात्र बदलले, तर जुन्या नोंदी अपुऱ्या पडतात.

महाराष्ट्रात निळी पूररेषा २५ वर्षांच्या, तर लाल रेषा १०० वर्षांच्या पुरावरून आखली जाते. नकाशावर ती बारीक दिसते. प्रत्यक्षात तिच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेचा रुंद पट्टा असतो. म्हणूनच लाल रेषेबाहेरचे घरही पूर्ण सुरक्षित असतेच असे नाही.